एक पडदा सरकणारा फिलिप

मंडळी, ऐका. मागचे लोक, तुम्हीही ऐका — शेंगा नंतर फोडा! आजचा प्रश्न असा, की थोर कोणाला म्हणायचं?

परवा याच देवळाच्या पायरीवर आपल्या मंडळाची पोरं भांडत होती. जगातला सगळ्यात थोर बास गिटारवाला कोण, यावर! एक म्हणे, ज्याची बोटं फार पळतात तो. दुसरा म्हणे, छे, गिटार पाठीमागे धरून वाजवतो तो. मी मध्ये तोंड घातलं, तर म्हणाले, बुवा, हा तुमचा प्रांत नाही. अरे! कपाळाला बुक्का लावला म्हणून कान बुजतात का?

बास म्हणजे जाड तारांची गिटार. गाण्याच्या तळाशी तिचा सूर असतो. आमटीत मीठ बरोबर पडलं की तुम्ही सुनेला कधी सांगता का? नाही ना? तसं या बासचं नशीब!

तर इचलकरंजीत एक ऑर्केस्ट्रा होता. त्याचे मालक दिनकरराव खटावकर, माणूस तापट. बास वाजवायला मिरजेचे फिलिप आढाव. ड्रमच्या मागे उभे राहायचे, म्हणजे लोकांना नुसता टोपीचा शेंडा दिसायचा. आणि कुंदा साळोखे नावाची नवी गायिका. घरी भांडून, रडून, बापाचा अबोला पत्करून आलेली. दिनकररावांनी तिला बजावलं होतं — जत्रेत पहिला कार्यक्रम, गाणं पडलं तर परत बोलावणार नाही.

जत्रेचा मांडव भरला. कुंदानं गाणं म्हटलं, सुरेख म्हटलं! लोकांनी शिट्ट्या मारल्या, वन्समोअरचा गिल्ला केला. आता नियम काय? पुन्हा गायचं तर कीबोर्डवाला सूर देतो, मग तोंड उघडायचं. पण ही पोरगी हरखली. सुराची वाटच बघितली नाही! काळी एकच्या पट्टीत बसवलेलं गाणं, हिनं उचललं पांढरी दोनमध्ये. अर्धा सूर वर!

आता सांगा, काय होणार? वाद्यं एकीकडे, बाई दुसरीकडे. बेसूर कोण दिसणार? बाईच! पुढच्या ओळीला गाणं पडणार. आणि पोरगी घरी.

फिलिपनं काय केलं? काही नाही. बोट एक पडदा, म्हणजे गिटारच्या दांडीवरचं एक घर, पुढं सरकवलं. पुरी साथ मागं सोडून एकटा तिच्या सुराखाली जाऊन उभा राहिला. तो गेला म्हणून कीबोर्डवाला भानावर आला, त्यानं बटण दाबून पट्टी बदलली. मग दुसरा गिटारवाला धडपडत आला. गाणं उभं राहिलं. लोकांना पत्ता नाही!

पण दिनकरराव तिकडे जत्रेच्या समितीकडून नारळ घेत होते. गडबड कानावर आली, धावत आले, तेव्हा काय ऐकू आलं? बाकी सगळी वाद्यं अजून जुन्या जागी आणि फिलिप एकटे दुसऱ्या जागी. झालं! कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांसमोर बोलले. तुमचा पडदा सरकला, तुमच्यामागं सगळे घसरले, वय झालं, आता घरी बसा.

फिलिप म्हणाले, "हो. सरकला."

एवढंच! आणि ती कुंदा? तिला स्वतःची चूक ठाऊकच नव्हती. ती म्हणते कशी, "काका, माझं पहिलंच गाणं होतं. बिघडवलंत की हो."

चीड येते की नाही? मला येते! मला त्या कुंदाची येत नाही, पोर अजाण होती. मला चीड येते त्या कीबोर्डवाल्याची. त्याला सगळं कळलं होतं आणि तो गप्प बसला. आपली जागा जाईल म्हणून. तो कोण, माहीत आहे? हे बसलेत माझ्या शेजारी, पेटीवर! हणमंतराव, मान खाली घालू नका, लोकांकडे बघा. तुम्हीच मला हे सांगितलंत.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतरावांनी भाकरी अर्धी टाकली. ते कुंदाकडे गेले आणि तिला खरं सांगितलं. पोरगी मिरजेला धावली. फिलिप अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. ती पायाशी बसली, म्हणाली, मालकांना सांगितलं का नाही?

ते म्हणाले, "पोरी, सूर तुझा चांगलाच होता. नुसती जागा चुकली. मला जागा बदलता येते, तुला तेव्हा येत नव्हती."

पुढच्या कार्यक्रमाला कुंदा माइकवर गेली आणि गाण्याआधी म्हणाली, जत्रेत मी चुकले होते, फिलिपकाकांनी सावरलं. दिनकरराव बाजूला उभे. त्यांनी गायिकेलाही ठेवलं, आणि स्वतः मिरजेला जाऊन फिलिपना घेऊन आले. पुढं उभे राहा म्हणाले. फिलिप ड्रमच्या मागंच गेले.

आता बोला, थोर कोण? पोरांनो, बोटं मोजू नका!

आणि तुम्ही हसू नका. उद्या सकाळी तुमच्या घरी कोणीतरी चुकीच्या पट्टीत सुरू होईल. सून होईल, म्हातारा बाप होईल. तुम्ही काय कराल? बरोबर पट्टीत ठाम उभे राहाल आणि चारचौघांत म्हणाल, बघा, ही बेसूर! बरोबर असाल तुम्ही. आणि माणूस पडेल.

तेव्हा एक पडदा सरका. सरकता येत नसेल, तर निदान सरकणाऱ्याला शिव्या देऊ नका.

चला, नामाला टाळी द्या. आणि हणमंतराव, माझा घसा बसलाय, सूर कुठं लागेल सांगता येत नाही. या वेळी मात्र मागं राहू नका.