शहर पूर्व, एकोणनव्वद

सहाशे अकराच. तुझ्या टॅबलेटवर बरोबर आहे, तपासायला नको — आमच्या घरात तो आकडा लग्नाच्या तारखेपेक्षा जास्त पाठ आहे सगळ्यांना. बस गं हिमानी, उभी काय राहिलीस. इथं अमेरिकेत, या शुगर लँडच्या उन्हात दारोदार फिरता म्हणजे तुमची पण कमालच आहे. कुशनं पाठवलं ना तुला? सिटी कौन्सिलचा उमेदवार झाला माझा मुलगा, आता आईशी बोलायलासुद्धा व्हॉलंटियर लागतो त्याला. रागावत नाहीये, सांगतेय आपलं.

आण, दाखव तो तक्ता. शहर पूर्व, लोकसभा, बासष्ट ते दोन हजार चार — बारा निवडणुका. मग दोन हजार आठला फेररचना झाली, मतदारसंघाचे तीन तुकडे केले, शेजाऱ्यांना वाटून टाकले, संपलं. बघ, बासष्टला वकीलसाहेब, सदुसष्टला तेच, एकाहत्तरला त्यांचे जावई. सत्त्याहत्तरला जावई पडले, ऐंशीला परत आले. चौऱ्याऐंशीला लाट होती, दगड उभा केला असता तरी आला असता — आणि साधारण तसंच झालं. बाराच्या बारा ओळी वाच, निवडून आलेल्यांत एक तरी बाई दिसते का? नाही दिसणार. ही सातवी ओळ आमची. एकोणनव्वद. पुरुषोत्तम — माझे यजमान, कुशचे बाबा — दुसरा नंबर, सहाशे अकरा मतांनी पडले.

आणि फ्लायरवर काय लिहिलंय म्हणालीस? ‘माझ्या वडिलांची सीट चोरली गेली, गुंडांनी बूथ ताब्यात घेतले, मतपेट्या पळवल्या, म्हणून मी तुमच्या एकेका मतासाठी लढतो.’ आणि खाली माझी सही हवी, की हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. छान जमलंय. नीलांबरीनं लिहिलं असेल, माझ्या सुनेनं, तिचं इंग्लिश चांगलं आहे. नऊ वर्षं शाळेच्या कमिट्या तिनं चालवल्या, गावात सगळे ओळखतात तिला, आणि उभा कोण राहिला तर कुश. असो. पण बाळ, पेटी एकही पळाली नाही. ती पळवापळवीची गोष्ट यजमानांनी निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांना सांगितली आणि मग पंचवीस वर्षं स्वतःच ऐकत बसले. कुश तेव्हा बारा वर्षांचा, त्याला ते देवाच्या गोष्टीसारखं वाटायचं.

आता एकोणनव्वदची पूर्ण यादी उघड, खाली बघ. तो अपक्ष, शिवणयंत्र चिन्ह — एक हजार नऊशे चार. त्याच्या खालच्या अपक्षांना बघ, तीनशे, अडीचशे. याचं सायकलचं दुकान होतं, एक सभा नाही घेतली त्यानं, पोस्टरसुद्धा नाही. मग एवढी मतं कुठून आली? छत्तीस वर्षांत कुणी विचारलं नाही. सगळे वरच्या दोन ओळीच वाचतात.

मी सांगते. सूतगिरणीमागच्या वस्तीतून आली. ती वस्ती माझी — अकरा वर्षं पक्षाचं काम तिथं मी करत होते. रेशनकार्ड, नळ, बाळंतपणं, सगळं. आमचं चिन्ह समई, समोरच्यांचा कंदील. आता मतपत्रिकेवर ते एवढंसं, शाई फुटलेली, शाळेच्या खोलीत अंधार — चौऱ्याऐंशीला निम्म्या बायका कंदिलावर शिक्का मारून आल्या आणि मला सांगतात, ताई, समईवर मारला. म्हणून एकोणनव्वदला मी म्हटलं, चित्रावर जाऊच नका, बोटांवर जा. वरून घरं मोजायची, एकेका घराला एकेक बोट, पाचवं बोट मिटलं की तिथं शिक्का. अर्ज भरून झाले, यादीत समई पाचवी दिसली, त्याच दिवशी शिकवायला घेतलं, यजमानांना घाई होती. बाराशे बायका असतील. आमच्या गयाबाई, साठीच्या, सूतगिरणीत गेली होती उमर त्यांची — मतदानाच्या दोन दिवस आधी मी गेले तर चहा गाळतानासुद्धा तोंडानं चालूच, एक, दोन, तीन, चार, पाच. मतदानाच्या दिवशी घरूनच मूठ मिटून निघाल्या. नातू कडेवर घ्या म्हणून रडत होता, घेतला नाही. मूठ सुटेल म्हणाल्या.

आणि झालं काय, की अर्ज मागे घ्यायच्या दिवशी तिसऱ्या नंबरच्या माणसानं अर्ज मागे घेतला. खालचे सगळे एकेक घर वर सरकले. समई आली चौथ्यावर. पाचव्यावर कोण? शिवणयंत्र. आणि तेव्हा सगळ्या पेट्यांमधले कागद एकत्र मिसळून मोजायचे, त्यामुळे कुठल्या वस्तीची मतं कुठं गेली ते कळायला मार्ग नाही. मला सांगायचं राहिलं बायकांना. टायफॉइड झाला होता मला, तीन आठवडे अंथरुणावर होते, शुद्ध नव्हती —

काय? दोन दिवस आधी गयाबाईंकडे कशी गेले?

हुशार आहेस. कॉलेजात काय शिकतेस गं तू? कायदा? मग बरोबर.

नव्हता टायफॉइड. ठणठणीत होते. गेले, बसले, चहा प्यायले, त्यांचं एक-दोन-तीन-चार-पाच ऐकलं, आणि म्हटलं, शाब्बास गयाबाई. एवढंच म्हटलं. प्रत्येक घरी हेच. पक्षानं नव्या मतपत्रिकेचे नमुने वाटले होते, पण ते बघायचं कुणाला? नंदाताईंनी सांगितलंय ना पाचवं, मग पाचवं.

का म्हणजे? ती उमेदवारी माझी होती, म्हणून. माझं नाव गेलं होतं वर. या वेळी बाई द्यायची असं ठरलं होतं, जवळजवळ नक्की होतं, आणि मग एक दिवस यजमान घरी आले ते हार घालूनच. मला म्हणाले, वरून आलं, माझ्या हातात काही नव्हतं. मी मानलं. ओवाळलंसुद्धा. अर्ज मागे घ्यायची मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी पक्षाच्या कचेरीतल्या एकनाथनं मला एक कागद दाखवला — साधा माणूस, त्याला वाटलं मला माहीतच असेल. ताई, तुम्ही असं लिहून द्यायला नको होतं म्हणाला. माझं पत्र. घरगुती अडचणीमुळे मी उमेदवारीस इच्छुक नाही, माझ्याऐवजी माझ्या पतींचा विचार व्हावा. खाली सही, नंदा. आता नवऱ्याचा ‘द’ मला ओळखू येणार नाही का? पंधरा वर्षं वाणसामानाच्या याद्या वाचल्या त्यांच्या. मी घरी गेले आणि काही बोलले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मी त्यांना पाडलं. मरेपर्यंत सांगितलं नाही.

नको, थांब, ‘बरं केलंत आजी’ म्हणू नकोस. पुढचं ऐक. निकालाच्या दिवशी गयाबाई आल्या, डोळ्यांत पाणी, म्हणाल्या, ताई, आम्ही तर पाचव्यावरच मारला हो, सगळ्यांनी. मूठ अजून तशीच करून दाखवत होत्या. आणि दीड वर्षानं कंदीलवाल्या खासदारानं तिथून रस्ता नेला. वस्ती काढली. यजमानांनी घरं नावावर करून द्यायचं वचन दिलं होतं, आणि दिली असती, त्या बाबतीत माणूस शब्दाचा पक्का होता. मला वाटत होतं मी नवऱ्याला धडा शिकवतेय. त्यांचं काय गेलं? पेपरात फोटो आला, हुतात्मा झाले. छपरं गेली बायकांची. गयाबाई कुठं गेल्या मला माहीत नाही. मी शोधलं नाही. तोंड नव्हतं.

म्हणून मी काही या वाक्याखाली सही करणार नाही. कुशला वाईट वाटलं तर वाटू दे. मीच त्याला सांगेन, आज संध्याकाळी, सगळं. दे इकडे, कुठं आहे ते, खोडता येतं का यात? खाली सरकवू?

ही काय आहे?

ही सही कुणाची? मी तर अजून हातसुद्धा लावला नाही. नाव तर माझंच आहे. कुशनं केली?

कधी? — शुक्रवारीच छापायला गेलं. चार हजार प्रती. मग तू आलीस कशाला, तुला सहीसाठी नाही पाठवलं तर —

फोटो. माझा फोटो काढायला आलीस.

बरं. कुठं बघू, इकडे? खिडकीपाशी बसू? हसायला सांगू नकोस फक्त. काढ.

झाला? जा आता. दार ओढून घे.