गुलाबी प्रत

हॅलो?… हो, मीच बोलतोय, सूनबाई. तुझा नवरा टेबलाखाली आहे… वायरी तपासतोय म्हणे. तोंड लपवायला दुसरी जागा नाही बिचाऱ्याला…

अगं, हळू. एकेक सांग. स्टुडिओत पोचलीस, बरं… डिस्क लावली… आणि?… दिसतच नाही? वायर बदलून बघितलीस?… पडली? जिन्यात? अरेरे…

हो, घरच्या कॉपीचं कळलं मला. त्यानंच सांगितलं… म्हणजे मी सांगायला लावलं. काल संध्याकाळी साहेबांना नवा गेम टाकायचा होता. जागा नव्हती, म्हणून तुझं फिल्मचं फोल्डर उडवलं… अगं, त्याला वाटलं जुळ्या डिस्क आहेत, एकीवरून काढलं तरी दुसरीवर राहील. तेच तर चुकलं ना! ती दुसरी डिस्क म्हणजे आरसा आहे. आपण मिशी काढली की आरशातली राहते का?… कचरापेटीपण रिकामी केली. एरवी घरातला कचरा कधी उचलत नाही, नेमकं कालच अंगात आलं…

रडू नकोस… नाही, नाही, रडायचं नाही. चारला दाखवायचीय ना? आत्ता पावणेदोन झालेत. पुष्कळ वेळ आहे… माहितीये गं मला. संकलन म्हणून पहिल्यांदाच एकटं तुझं नाव. आठ महिने बघतोय, पाठ दुखली तरी उठली नाहीस त्या खुर्चीवरून…

अगं ऐक ना! हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमचं काय सांगायचो मी? केसपेपरच्या तीन प्रती. पांढरी पेशंटला, पिवळी वॉर्डात, आणि गुलाबी… बरोब्बर. गुलाबी माझ्याकडे, वेगळ्या इमारतीत. वॉर्डात पाणी शिरलं तरी माझी कोरडी. हा कॉम्प्युटर घेतला तेव्हा कागदावर आखून दिलं होतं तुम्हाला. गेम एका डिस्कवर, काम जुळ्या डिस्कवर, आणि एक कॉपी घराबाहेर. तुम्ही दोघं हसलात. पाहुण्यांना म्हणालीस, ‘बाबांचा विरंगुळा आहे’… म्हणालीस गं. असू दे. राग नाही… होता थोडा.

तर मी दर शुक्रवारी आमच्या हॉस्पिटलातल्या जुन्या कंपाउंडरकडे बुद्धिबळ खेळायला जातो ना?… खेळतो, खेळतो. हरतो पण. मात्र माझ्या चष्म्याच्या घरात चष्मा नसतो. डिस्क असते. त्याच्या औषधांच्या कपाटात राहते ती… काल शुक्रवारच होता की! दुपारीच ठेवून आलो, तो गेम यायच्या आधी… हो. पूर्ण फिल्म. तू परवा संपवलेली… आहे म्हणतोय ना!… आता का रडतेस बाई?

ए चिरंजीव, बाहेर ये. कंपाउंडरकाकांकडे पळ… थांब, चिठ्ठी देतो. सहीशिवाय तो देणार नाही… सख्खा मुलगा असलास म्हणून काय झालं? आणि चप्पल घाल. तू पडलास तर चालेल, डिस्क पडता कामा नये.

हं, बोल. गेला… जेवलीस का?… मग खा काहीतरी. रिकाम्या पोटी माणसं जास्त घाबरतात… तुझ्या सासूबाई? त्या इकडे डोकावून गेल्या. म्हणाल्या, रिटायर होऊन चार वर्षं झाली, अजून सहीच्या चिठ्ठ्या चालल्यात… म्हणू दे.

आला, आला. धापा टाकतोय. काय रे?… ऐकलंस? कंपाउंडरनं सही उजेडात धरून बघितली म्हणे. शाबास! मैत्री असावी तर अशी.

लाव ती… हं. उघडली. माझी चिकटपट्टी, माझ्या अक्षरात कालची तारीख… आहे, सूनबाई. तुझी फिल्म आहे…

नाही, लगेच नाही निघणार तो… घाई कळते मला. पण ऐक, आधी कॉपी, मग बाहेर… अगं, आता ही एकुलती एक आहे! एकतीस वर्षांत एकुलती प्रत मी दाराबाहेर सोडली नाही. मोठे डॉक्टर ओरडले तरी नाही… तू पण ओरड. तू आज जिन्यात काय झालं ते बघितलंस ना?… हं. तेच.

काय रे?… जागा नाही? कशी असेल, तुझा गेम बसलाय पाय पसरून. काढ. माझ्याकडे काय बघतोस? स्वतःच्या हातानं काढ… काढला, सूनबाई. चेहरा बघायला हवा होतास.

बारा मिनिटं दाखवतंय… थांबायचं. मी इथेच आहे, फोन नको ठेवूस.

…

झाली. थांब, शेवट लावून बघतो. नुसतं फोल्डर मोजून भागत नाही, कागद उघडून वाचावा लागतो… चाललीय… पाट्या आल्या… हे बघ, तुझं नाव आलं… नाही गं, बोलतोय. चष्मा आहे डोळ्यांवर, तरी नीट दिसेना, काच पुसतोय. छान दिसतंय नाव.

निघाला तो. डिस्क चष्म्याच्या घरात, घर छातीशी. अर्ध्या तासात पोचेल. त्याला रागावू नकोस फार… बरं, थोडं रागाव.

काय?… तिथल्या लोकांना काय सांगितलंस?… ‘आमच्या घरी रेकॉर्ड-कीपर आहेत’?… ‘आहेत’ म्हणालीस? ‘होते’ नाही?… आणि पुढे?… ‘त्यांच्या हातून काही हरवत नाही’…

थांब, थांब. परत म्हण. तुझ्या सासूबाईंना ऐकू दे, स्पीकर लावतो… अगं, इकडे ये लवकर! हात पुसू नकोस, तशीच ये… हं, म्हण सूनबाई… हॅलो?… हॅलो?

कट झाला… काय म्हणाली विचारतेस? तिच्याच तोंडून ऐकायला हवं होतंस. त्याची कॉपी नाही माझ्याकडे.

पण बस तू. पाठ झालंय मला.