मामंजींचा सोन्याचा दात

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी जावा बसल्या होत्या. धाकटीच्या हातात रहस्यकादंबरी होती आणि थोरलीच्या तोंडावर रुमाल.

“वहिनी, म्हातारा गेला आणि त्याची अंगठी गायब.”

“कुठला म्हातारा?”

“पुस्तकातला हो.”

“मग ठीक.”

“घरातल्याच कुणीतरी ढापलीय. माझा संशय थोरल्या सुनेवर आहे.”

“सगळीकडे थोरलीच कशी गं वाईट?”

“धाकटीला कपाटाची किल्ली कोण देतंय? आपल्या मामंजींचं नाही का असंच झालं? ते गेले तेव्हा कवळी पेल्यात होती, तिच्यातला सोन्याचा दात तेवढा नव्हता.”

“गिळला असेल त्यांनी.”

“कवळी पेल्यात ठेवून?”

“तू आपलं पुस्तक वाच.”

“तेच वाचतेय. ही बाई अंगठी वितळवून घेते. वहिनी, तुम्ही हल्ली हसत का नाही हो?”

“दाढ दुखतेय.”

“वर्षभर?”

आतून नर्स डोकावली. “सोन्याची कॅप सैल झालीय, त्या कोण?”

कुणीच उठेना. मग धाकटीने पुस्तक मिटून पर्समध्ये टाकलं.

“चला वहिनी, मीही येते आत. शेवट डोळ्यांनी बघते.”

थोरलीने रुमाल आणखी घट्ट दाबला.

“आत एकालाच सोडतात.”