कानबाईच्या गाण्यांची सीडी

— तिथं नको ताई, त्या खुर्चीचा पाय हलतो, इकडं पलंगावर बसा, पंख्याखाली — जळगावहून धुळ्याला एस्टीनं यायचं म्हणजे अंगाचं भुस्कट होतं, त्यात रस्ता खोदून ठेवलेला — आणि तो फोन द्या इकडं, बंद पडायला आला म्हणताय ना, या खोलीतलं बटण जळालंय, आतल्या खोलीत लावते चार्जिंगला — राहू द्या, तुम्ही कशाला उठता, पाणी प्या तोवर. — हं, लावला. दुपारभर कोणी नसतं घरात, मी आणि हा पंखा. माझा मुलगा हितेंद्र, ज्याच्याशी तुमचं मोबाइलवर बोलणं झालं, तो पारोळ्याला गेलाय कामाला. म्हटला, आई, त्या दिपमाला म्हणून बाई येतील सीडी घ्यायला, चहा दिल्याशिवाय सोडू नको. — दार? दार मीच लावलं. वारं बघून राहिल्या ना बाहेर, कडी नाही घातली तर दिवसभर आपटत बसतं, माझं डोकं उठतं. बसा निवांत.

हे बघा, बठ्ठं सामान मांडून ठेवलंय तुमच्यासाठी. ही परीक्षेची पुस्तकं, ही गोष्टींची, ही स्वयंपाकाची — ती आम्ही आणून दिलेली, सुनेनं कधी उघडली नाहीत — आणि या सीडी. सगळं सुनेचं, ज्योत्स्नाचं. गेली ती. — नाही हो, तसं नाही, जिवंत आहे, घर सोडून गेली. दचकल्या तुम्ही. मागच्या थंडीत गेली, पोट दिसायला लागलं होतं, आणि अंगावरच्या साडीनिशी गेली, म्हणजे काय म्हणायचं सांगा. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते, खाली आले तर दार सताड उघडं. आता बाहेरून कडी घालायची राहिली त्या दिवशी, माझीच चूक — म्हणजे रोज घालायचे असं नाही — घालायचे, पण तिच्या भल्यासाठीच ना, अवघडलेली पोर, कुठं पडली-झडली तर. तुम्हीच सांगा, कोणत्या सासूला वाटेल पडावी म्हणून?

साखर कमी झाली का? नाही, कप हातातच धरून बसल्या तुम्ही.

मंग मीच हितेंद्रला म्हटलं, तिचं सामान किती दिवस सांभाळायचं, टाक विकायला त्या मोबाइलवर. त्यानं फोटो काढले, टाकले. तर काय एकेक माणसं, हसाल तुम्ही. एक भंगारवाला, वजनावर मागत होता. एक साक्रीकडचा डाळिंबवाला — त्याला सगळ्या सीडी हव्या, बागेत दोरीला टांगतो म्हणे, चमकल्या की पाखरं येत नाहीत. पुस्तकांसाठी दोन-चार पोरींचे मेसेज. आणि तुम्ही. तुम्हाला पुस्तक नको, दुसरी सीडी नको, एकच हवी, ती पांढऱ्या कव्हरची, आणि ती कुरिअरनं पाठवू का विचारलं तर नको, स्वतः येते म्हटल्या. मला कौतुकच वाटलं. घरी प्लेयर आहे ना तुमच्या? — नाही? — मंग कॉम्प्युटरवर लावाल. हो, असेल, असेल, लावतात.

तिच्या आईचा आवाज आहे त्यात. माहीत असेल तुम्हाला — नाही, तुम्हाला कसं माहीत असणार, मी पण काय बोलते. तिची आई अमळनेरकडची, कानबाईची गाणी म्हणावीत तर तिनंच. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार आला की चार गावची माणसं तिला न्यायला यायची, चौरंगावर नारळाची कानबाई मांडली की ही बसायची समोर आणि पहाटेपर्यंत एक गाणं परत म्हणायची नाही. तिथल्या लग्नाच्या शूटिंगवाल्यानं हौसेनं भरून घेतली गाणी, एकच सीडी केली, आणि पुढच्याच वर्षी ती बाई वारली. ज्योत्स्ना ती सीडी साडीच्या घडीत ठेवायची. कोणी हात लावला की म्हणायची, मनी मायना आवाज शे त्यामा, जपीसन. दुपारची भांडी झाली की हळू आवाजात लावायची, मी इथं गहू निवडत बसायचे. खोटं कशाला बोलू, मला पण सवय झाली होती त्या आवाजाची. आता दुपार खायला उठते. आणि आमच्या हितेंद्रला ते रडगाणं वाटायचं, त्यानं प्लेयर आपटला एक दिवस, तिनं मधे हात घातला — म्हणजे हात तिचा दारात सापडला, वेगळ्या दिवशी, बोटं जरा वाकडी राहिली, एवढं काही नाही, पोळ्या करायची त्या हातानं.

उघडा ना कव्हर, बघून घ्या. चीजवस्तू बघूनच घ्यावी.

— रिकामं आहे. हो. रिकामंच आहे. ज्या दिवशी ती गेली त्याच दिवशी तोडली त्यानं, अंगणात, चपलेखाली. तुकडे मी भरले, माझ्या पायात रुतला एक. मला वाईट वाटलं हो, खरंच वाटलं, त्या बाईचा आवाज काय कोणाचं वाकडं करत होता? — पण तुम्ही एवढ्या पांढऱ्या का पडल्या? गाण्यांची सीडी नाही मिळाली, दुसरी घ्या.

बस खाली. बस म्हटलं ना. चार्जिंग व्हायचंय तुझं.

एक विचारू? फोटोत नुसतं पांढरं कव्हर होतं. वर नाव नाही, गाव नाही. हितेंद्रनं लिहिलं होतं, जुन्या सीडी आणि पुस्तकं विकणे आहे — मीच सांगितलं होतं, एवढंच लिही. आणि तुझा पहिला मेसेज काय आला? कानबाईच्या गाण्यांची आहे का त्यात. ते वाचून दाखवलं त्यानं, आणि मी देवापुढं साखर ठेवली. तिच्या मामाकडं शोधून आलो, वरणगावला तिच्या मैत्रिणीकडं जाऊन आलो, पोलिसांत तर उलट तिनंच आमच्यावर काही लिहून दिलेलं — कोणी पत्ता सांगेना. मंग मी म्हटलं, शोधायचं कशाला, श्रावण तोंडावर आलाय, पहिलीच कानबाई तिची घराबाहेरची, कुठंतरी एका खोलीत नारळ मांडेल आणि गाणं आठवणार नाही तिला. आठवायचंच नाही. निम्मं गाणं झालं की अडायची, मंग आईची सीडी लावायची. मी ऐकलंय ना रोज. मला ठाऊक होतं, ती स्वतः येणार नाही, पण कोणाला तरी पाठवेल.

घाबरू नको, तुझं आमच्याशी काही नाही. तू भली पोर दिसते. आम्हाला आमचं लेकरू हवंय, बस. यंदा कानबाईच्या नैवेद्याचे, रोटाचे गहू काढून ठेवलेत मी — घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ काढायची रीत आहे आमच्यात — तर यांच्या नावाची काढली, हितेंद्रच्या नावाची काढली, आणि नातवाच्या नावाची पण काढली. ती परात बघ, झाकलेली. नातू बाहेर असताना रोट कसा खायचा आम्ही? —

का गं? नातू म्हटल्यावर खाली का बघितलं?

मुलगी झाली का?

— बोलू नको, नको बोलू. कळलं मला. मुलगी. — बरं. ठीक आहे. — त्याला सांगू नको आत्ता, मी सांगेन माझ्या पद्धतीनं, त्याचं डोकं कसं आहे मला माहीत — आत? आत कोणी नाही म्हटलं मी? हो, म्हटलं. अगं, पारोळ्याला तो गेलाच नाही आज. फोन उघडत नसेल तुझा त्याला, बोटाचा ठसा लागतो ना. त्याला म्हटलं होतं मी, उघडायची गरजच नाही. ज्योत्स्नाचा जीव राहवणार नाही, विचारेलच ती, मिळाली का, कशी आहे, एखादा ओरखडा तर नाही ना —

वाजला बघ.

बस. कडी घट्ट बसते, तुला नाही निघायची. वाजू दे. दोनदा वाजेल, तीनदा — थांबला. उचलला त्यानं. तो बोलणार नाही काही, स्पीकर लावून नुसता ऐकेल, मी सांगितलंय, ती आपोआप बोलेल, पोरीच्या जातीला गप्प राहवत नाही, सांगून टाकेल कुठं —

ऐक. लेकरू रडून राहिलं तिकडं. भरल्या आवाजाचं आहे गं. — आणि ही गाऊन राहिली त्याला, आईचंच गाणं — निम्म्यावर आलं — आता अडेल बघ —

चूप. ऐकू दे मला.