कुबडीचं माप

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात धोंडाबाई बारामतीच्या वखारीत चौकटीचं लाकूड कापून घ्यायला थांबली होती. पुढची बाई म्हाताऱ्या सुताराशी बोलत होती.

"तात्या, ही कुबडी आखूड करून द्या."

"तुझ्या संभाजीची ना? पोर वाढतंय, आन् आखूड कशाला?"

"संभाजी गेला, तात्या. तापानं."

करवत थांबली.

"मग ही कुणाला?"

"लासुर्ण्याच्या एका अधू पोरीला."

"तिला नवी करून देतो. ही ऱ्हाऊ दे घरी."

"नगं. कोपऱ्यात दिसली की वाटतं, आत्ता हाक मारंल."

"पोरगी केवढी हाय?"

"संभा साळंत जायला लागला तवा हुता, एवढी."

बाईनं कमरेशी हात धरून दाखवला. तात्यांनी माप घेतलं, खूण केली, कुबडी कापली. बाईचा हात अजून तिथंच होता.