नळी कुठून जाणार

(पनवेलमधलं शिरांच्या विकारांचं एक क्लिनिक. लेझरआधी पेशंटला बसवतात ती खोली. पलंगावर भामा, खुर्चीत तिची सून स्नेहल. टेक्निशियन अनुया हातात फॉर्म घेऊन उभी.)

अनुया : मावशी, चौथ्यांदा उठलात. पायावर मार्करने शीर आखलीय, घासून पुसली जाईल. बसा ना.

भामा : उबी र्‍हायली तर शीर काय पलून जानार हाय?

स्नेहल : आई, त्या दोन मिनिटं मागतायत फक्त.

भामा : तू गप. दोन मिन्टं म्हनून सकालपासून हितं आनून बसवलीस.

अनुया : मला फॉर्मवर तुमची सही हवीय. पण आधी तुमचे प्रश्न. काहीही विचारा.

भामा : शीर जालनार म्हनतीस. मंग रगत कुठून जानार?

अनुया : आतल्या मोठ्या शिरांतून. पायातलं बहुतेक रक्त तिथूनच वर जातं. ही वरची शीर बिघडलीय. शिरेत बारीक झडपा असतात, त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. तुमच्या नीट मिटत नाहीत. मग रक्त उतरून घोट्यापाशी साचतं. म्हणून आठ महिने ती जखम भरत नाहीये.

भामा : उघाडीच की ती.

अनुया : काय?

भामा : खाडीच्या बांधाला दार असतं, त्याला उघाडी म्हनतात. ओहोटीला पानी भायेर जातं, भरती आली का आपोआप मिटतं. दार कुजलं का खारं पानी शेतात. ईस वर्सं मिठागरात काडली मी. मना उघाडी शिकवतीस?

अनुया : नाही, मीच शिकले. पुढच्या पेशंटला असंच सांगेन.

भामा : पन आमी दार नवं बसवतो. तुमी तं नालाच बुजवताय.

अनुया : हो. कारण शेजारचा मोठा नाला चांगला चालू आहे. सोनोग्राफीत बघितलाय.

भामा : आनि नली केवडी?

अनुया : बॉलपेनच्या रिफिलपेक्षा बारीक. गुडघ्याच्या खालून, सुईच्या भोकातून आत जाते. जांघेपाशी थांबते.

भामा : थांबली नाय तर?

अनुया : डॉक्टर पडद्यावर बघत असतात. सोनोग्राफीचा प्रोब मीच धरते.

भामा : छातीत, गल्यात, कुठं नाय जात?

स्नेहल : आई, हे तिसऱ्यांदा विचारताय. पाय कुठे, गळा कुठे.

अनुया : एक मिनिट. मावशी, तुमचा आवाज बसलाय. खोकला आहे? ताप?

स्नेहल : परवापासून मी तेच विचारतेय. सांगतच नाहीत.

अनुया : खोकला असेल तर आज करणार नाही. पाय स्थिर लागतो.

भामा : मंग हाय खोकला.

अनुया : मगाशी नव्हता.

भामा : आता आला.

स्नेहल : आई, आठ महिने रोज ड्रेसिंग करून मी न्हावा शेव्याची बस पकडते. आज सुट्टी टाकलीय. घरी जायचं असेल तर सरळ सांगा, पण कारण सांगा.

भामा : मोरा गावची मैना म्हाईत हाय ना तुला?

स्नेहल : मैनामावशी? त्यांचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. त्यांच्या पायाला काय झालंय?

भामा : तिच्या गल्यात नली घातली. भायेर आली ती घोगरी. वरीस जालं, धवले गेले तिचे.

अनुया : धवले म्हणजे?

स्नेहल : लग्नातली गाणी. आमच्यात धवलारीण असते, ती गाऊन विधी करते. आई धवलारीण आहेत.

भामा : गावात आता मी एकटीच. बाकी डीजे.

अनुया : मावशी, हे आधी विचारायचंत. त्यांना पूर्ण भूल दिली असणार, म्हणून श्वासासाठी गळ्यात नळी. शिवाय ऑपरेशनच गळ्याचं. आवाजाची नस तिथूनच जाते. तुम्हाला यातलं काही नाही. शिरेच्या कडेने बधिर करायची इंजेक्शनं, आठ-दहा. ती टोचतात, खोटं सांगत नाही. तुम्ही जाग्याच राहणार.

स्नेहल : पण फॉर्मवर लिहिलंय, ‘आवश्यकता भासल्यास संपूर्ण भूल’.

भामा : बगितलंस?

अनुया : लिहिलंय, हो. मी दोन वर्षं इथे आहे, एकदाही लागलेली नाही. पण कधीच लागणार नाही असं मी म्हणू शकत नाही.

भामा : म्हंजे घालाल.

अनुया : न विचारता नाही. ती ओळ खोडू. तशी वेळ आलीच तर थांबायचं आणि तुम्हाला विचारायचं, असं डॉक्टरांकडून लिहून घेते. चालेल?

भामा : बगू.

अनुया : आवाज कशाने बसला मग?

भामा : गायले. तीन दुपारी, गच्चीवर. हिच्या जुन्या मोबायलात समदे धवले भरून ठेवले. गला गेला तरी गानी र्‍हातील.

स्नेहल : जुन्या म्हणजे, त्या काळ्या?

भामा : त्योच. शेजारच्या अंकितानं दावलं, कुठलं बटन दाबायचं ते.

स्नेहल : आई.

भामा : काय?

स्नेहल : काल तुमचे रिपोर्ट त्यात घेत होते. जागा नव्हती. मोठमोठ्या फाइली दिसल्या. एक लावून बघितली, नुसता वारा वाजत होता. मला वाटलं, चुकून चालू राहिलंय.

भामा : मंग?

स्नेहल : काढल्या.

भामा : काडल्या म्हंजे ठेवल्या कुठं?

स्नेहल : पुसल्या. पुसलेलं परत मिळतं तिथूनसुद्धा.

भामा : समद्या?

स्नेहल : सगळ्या.

अनुया : मी जरा बाहेर थांबते.

भामा : नको. थांब हितंच. स्नेहल, गानं धरायच्या आदी मी हात जोडून गप उबी र्‍हाते. त्यो वारा तवाचा.

स्नेहल : मला माहीत असतं तर... मला सांगितलं का नाहीत?

भामा : तू हसली असतीस.

स्नेहल : नसते हसले.

भामा : वाईच हसली असतीस.

स्नेहल : चला, घरी जाऊ. आज नको. गळा बरा होऊ दे, पुन्हा सगळं भरू, मग पायाचं बघू.

भामा : आनि पाय?

स्नेहल : ड्रेसिंग करेन मी.

भामा : आनखी आठ म्हैनं? मागच्या हलदीला अर्ध्यातच खुर्ची मागवली मी. नवरीची आय माज्याकडं नाय, माज्या पायाकडं बगत व्हती. पोरी, किती येल लागतो?

अनुया : पाऊण तास. नंतर घट्ट मोजे घालून लगेच चालायचं. पंधरा दिवस मात्र एका जागी उभं राहायचं नाही.

भामा : आनि तवर मी जागी. बोललं तर चालतं?

अनुया : बोला, गा. पाय तेवढा हलवायचा नाही.

भामा : हिला आत येता येतं?

अनुया : नातेवाइकांना नाही.

भामा : मंग मी धवले सांगीन, तू लिवशील?

अनुया : माझे दोन्ही हात प्रोबवर असतात, मावशी.

स्नेहल : फोन चालेल आत?

अनुया : स्वच्छ पिशवीत घालून डोक्यापाशी ठेवता येईल. डॉक्टरांना विचारते. पण आवाज बसलेलाच येईल.

भामा : बसलेला का व्हयना, शब्द तं येतील. आन तो फॉर्म. ती ओल खोड आदी, मंग सई.

अनुया : ही बघा, खोडली. डॉक्टर आले की शेजारी त्यांची सही घेते.

स्नेहल : आई, हा काळा फोन घ्या. सुरू करून दिलाय. जागा भरपूर आहे त्यात आता.

भामा : दे. आनि पयला नुसता वारा आयकू आला तरी पुसू नको.