मूठ उघडा, शेठ!

...आणि वर मला म्हणते कशी, "शेठ, मूठ उघडा!" मला! अहो, सव्वीस वर्षं कापडाच्या धंद्यात आहे मी, आणि या धंद्यात माणूस पहिल्या दिवशी शिकतो काय, तर झाकली मूठ सव्वा लाखाची! खरेदीचा भाव सांगायचा नाही, माल संपत आलाय की पडून सडतोय हे कुणाला कळू द्यायचं नाही, गिऱ्हाईक डोक्यात गेलं तरी चेहऱ्यावर सुरकुती उमटू द्यायची नाही... आणि ही सायकल दुरुस्त करणारी बाई, डोळ्यांवर चष्मा, ग्रीसने काळा पडलेला एप्रन, खांद्यावर फडकं, भर दुकानात चार लोकांसमोर म्हणते, मूठ उघडा! आणि मी उघडली हो! शाळेत चोरलेली पेन्सिल दाखवावी तशी मुकाट उघडली. तुम्हाला सांगतो, मानलं आपण त्या बाईला!

पण असं शेंड्याकडून नको, मुळाकडून सांगतो. त्याचं काय झालं, आमची थोरली नोकरीसाठी परगावी गेली आणि जाताना तिची ती डोंगरात चालवायची, जाडजूड टायरांची सायकल जिन्याखाली ठेवून गेली. म्हणाली, "बाबा, हिला हात लावू नका हं." आता मला सांगा, कापडवाल्याला 'हात लावू नका' म्हणायचं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवून वर उपदेश करायचा, नाही का? दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गावामागच्या टेकडीवर! आणि काय सांगू तुम्हाला... दगड काय, झाडांची मुळं काय, खड्डे काय, चढताना जीव नाकाशी आणि उतरताना जीव मुठीत! जीव मुठीत धरणं म्हणतात ना, ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, कारण त्या उतारावर माझ्या मुठीत जीव होता आणि सायकलच्या हँडलची मूठ होती, आणि दोन्हींतलं काहीच सोडायची माझी तयारी नव्हती!

झालं! तिसऱ्या आठवड्यात उजव्या हाताची दोन बोटं झोपली. करंगळी आणि अनामिका. आधी मुंग्या, मग बधिर. चिमटा काढला तरी शेजाऱ्याच्या बोटाला काढल्यासारखा!

तुम्ही म्हणाल, दोन बोटं ती काय, आठ उरली की! हे बघा, तुम्ही आपले आहात म्हणून धंद्याचं गुपित सांगतो. कापडवाला अंगठा आणि तर्जनीत कापड धरून चोळतो, ते तुम्ही पाहिलंय. ते दाखवायला असतं हो! ती बोटं दिवसभर कात्री धरतात, सुतळी ओढतात, राठ होतात, त्यांना काय कळणार? खरी पारख अनामिकेची. ती बसून खाणाऱ्या जावयासारखी असते, कामाला हात नाही, म्हणून कातडी मऊ. गिऱ्हाईक बघतंय अंगठ्याकडे, आणि खालून हळूच अनामिका फिरवायची. सुती की मिश्र, एका घासणीत निकाल! मी डोळे मिटून सांगतो, लोक बघायला येतात, शहाणे शिंपी पैज लावून हरतात. शिक्षण माझं सातवी, भांडवल माझं एक बोट. आणि तेच बोट झोपलं! सांगा आता, रात्री... छे, दिवसाढवळ्या झोप उडाली माझी!

कुणाला सांगणार? झाकली मूठ! कुणी कापड पुढे केलं की डोळे मिटायचे, चोळायचं, मान डोलवायची, आणि हळूच विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं?" लोकांना स्वतःचं मत सांगायला इतकं आवडतं की विचारता सोय नाही. तेच सांगायचे, मी म्हणायचो, "बरोब्बर!" आणि ते खूश होऊन बाहेर सांगायचे, शेठची पारख म्हणजे पारख!

मग मी स्वतःच इलाजाला लागलो. मुठी बदलू, म्हटलं. त्यात काय अवघड आहे? मोठ्या दुकानात गेलो, तिथला विक्रेता म्हणाला, "सर, ह्या घ्या, एकदम मऊ, सगळ्यांना ह्याच आवडतात." सगळ्यांना ह्याच आवडतात! अहो, हे वाक्य माझं आहे! न खपणारा माल मी सव्वीस वर्षं याच वाक्यावर खपवलाय! तरी घेतल्या. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की खरं वाटतं, करता काय? चांगल्या जाड, फोमच्या, उशीसारख्या. आता त्या दांड्यावर चढेनात. ओढतोय, ढकलतोय, दात लावायचे तेवढे बाकी... मग आठवलं, दुकानात शिलाई मशीनचं तेल आहे! आमच्या धंद्यात अडलं की तेच, कात्री अडली तेल, कुलूप अडलं तेल, शटर कुरकुरलं तेल. चार थेंब सोडले मात्र, सुळ्ळकन चढल्या! म्हटलं, बघा, लोक उगाच कारागिराकडे जातात.

सुळ्ळकन चढलेली वस्तू सुळ्ळकन उतरते, एवढं साधं तत्त्व, पण ते मला कळलं टेकडीच्या मधल्या उतारावर. मी हँडल उजवीकडे वळवतोय, मूठ वळतेय, हँडल वळत नाहीये... आणि पुढच्या क्षणी सायकल गेली तिच्या वाटेने आणि मी झुडपात, हातात मूठ घट्ट! धंद्याची सवय, माल गेला तरी नमुना सोडला नाही!

घरी आलो तर ही दारात. वरून खाली बघितलं. म्हणाली, "अहो, केसांत पाला घेऊन कुठून आलात?"

म्हटलं, "वारा होता."

"आणि हातात ते काय?"

"नमुना आणलाय."

"महिनाभर बनियन उलटं घालताय," ही म्हणाली. "शिवण कळत नाही बोटाला, मला काय दिसत नाही? दुखणं बोटाला आणि तुम्ही बदलताय रबर. एखाद्या जाणकाराला विचाराल की नाही?"

"का? मी काय अडाणी आहे?"

"नाही हो. अडाणी माणूस विचारतो तरी."

सायकल घेतली, जुन्या-नव्या सगळ्या मुठी पिशवीत टाकल्या आणि गेलो! बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन गाळ्यांच्या मध्ये चिमटल्यासारखं तिचं दुकान. सायकलवाले तिला डॉक्टरीण म्हणतात, कारण सायकलीला हात लावण्याआधी ती माणसाला विचारते, कुठे दुखतं? मी शिरलो आणि धंदेवाईक नजरेने फळीवरची सगळ्यांत महागडी मूठ हेरली, चामड्याची, शिवलेली, शिवण तर अशी की मीच बघत राहिलो. म्हटलं, "बाई, ही द्या."

"नाही देणार."

ऐकलंत? नाही देणार! अहो, गिऱ्हाईक आपल्या पायांनी येतं, आपल्या तोंडाने महाग माल मागतं, आणि दुकानदार म्हणतो नाही देणार! मला तर घेरीच यायची बाकी होती. ती म्हणाली, "तुम्हाला महाग हवी की बरं वाटायला हवंय?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता सायकलच्या जुन्या मुठी, ज्या मी पिशवीतून आणल्या होत्या, त्या उजेडात धरून फिरवल्या. "मुलीची सायकल दिसतेय. हात लहान तिचा. तुम्ही डावरे नाही. उजव्या हातावर रेलता, तेही बाहेरच्या कडेवर. आणि उतारावर घाबरता."

"घाबरत नाही!"

"मग इथे नखं कुणाची उमटलीत?"

अहो, झिजल्या रबरावरून माणूस वाचला तिने! मी कापडावरून गिरणी सांगतो म्हणून मिरवतो, आणि ही रबरावरून माझा स्वभाव सांगतेय! मानलं आपण! मनात म्हटलं हं, तोंडावर म्हटलं असतं तर भाव वाढला असता.

मग म्हणते, "खिशातला खडू द्या." शिंप्याचा खडू असतो माझ्या खिशात, खिसा पांढरा झाला होता, तेवढ्यावरून ओळखलं! खडू हँडलच्या दोन्ही टोकांना फासला, मला भिंतीशी सायकलवर बसवलं, म्हणाली, डोळे मिटा, नेहमीसारखं धरा... आणि मग ते, "शेठ, मूठ उघडा!"

उघडली. बघतो तर अख्खा तळवा कोरा, आणि करंगळीखालच्या मांसावर पांढरा पट्टा, जाड, ठसठशीत! "सगळं अंग तुम्ही या एका पट्टीवर टाकताय," ती म्हणाली. "इथूनच शीर जाते दोन बोटांना. फोमची मूठ दबते, म्हणून तुम्ही आणखी आवळता. जाड आहे, म्हणून बोटं पुरती मिटत नाहीत, म्हणून आणखी आवळता. पण मला सांगा, सीटचं नाक खाली कुणी केलं?"

आता सीट मध्येच कुठे आली? मीच केलं होतं, टोचत होतं म्हणून. "त्यामुळे तुम्ही घसरता पुढे आणि सगळा भार हातावर." म्हणजे बघा, बूड सुखात राहावं म्हणून बोटं मारली मी! रोग रेड्याला आणि औषध पखालीला! तिने आधी सीट सपाट केली, पैसे मिळणार मुठीचे आणि काम करतेय सीटचं! मग फळीवरून एक साधीच मूठ काढली, ना फार जाड ना बारीक, बाहेरच्या बाजूला चपटा पंख, तळव्याची ती कड टेकायला, आणि टोकाला आवळायची कडी. नाकाशी नेऊन दांडा हुंगला आणि म्हणाली, "शिलाई मशीनचं?" मी छताकडे बघितलं. तिने स्पिरिटने दांडा पुसला, तीनदा पुसला, फडकं कोरडं निघेपर्यंत पुसला. माझी आई ताट पुसायची तसं!

मग सुरू झालं बसवणं. पंख जरा वर, बसा, धरा, उघडा. जरा खाली, बसा, धरा, उघडा. केसभर फिरवायचा, पुन्हा खडू, पुन्हा तळवा! ब्रेकचे खटके खाली वळवले, मनगट सरळ राहावं म्हणून. पाचव्या खेपेला तळव्यावर पांढरं सगळीकडे सारखं पसरलं, तेव्हा कुठे तिने किल्ली घेतली. कडी आवळली, कटकन वाजलं, थांबली.

म्हटलं, "आणखी आवळा की! पुन्हा निघाली तर?"

"कट वाजलं की पुरे. जास्त आवळलं की पेच मरतो. आणि तुम्हीही तसंच. शेठ, रेशमाचा तागा गिऱ्हाइकाला दाखवताना कसा धरता? घट्ट?"

"छे! चुरगळेल की! नुसता तोलायचा."

"मग तेच."

तेच! बघा ना, सव्वीस वर्षं मी लोकांना त्यांच्याच भाषेत माल विकत आलो, आणि कुणीतरी मला माझ्या भाषेत शहाणपण विकलं! तेही फुकट! पैसे फक्त मुठींचे. सवयीने म्हटलं, "काही कमी करा." म्हणाली, "तुमच्याकडे होतं का?" म्हटलं, "एकच भाव." म्हणाली, "मग?" मानलं! त्रिवार मानलं आपण त्या बाईला!

आणि गुण आला हो! चौथ्या दिवशी मुंग्या परतल्या, नवव्या दिवशी करंगळी जागी झाली, आणि अकराव्या दिवशी सकाळी टेकडीच्या माथ्यावर सायकल टेकवून उभा होतो, गार वारा, खाली गाव नुकतं उठतंय... आणि अनामिकेत चुरचुरलं! असं चुरचुरलं की डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हटलं आलीस बाई माघारी! आता हात कशाला लावू, कशाला लावू... अंगात दुकानातल्याच नव्या ताग्याचा कोरा शर्ट होता, तीच बाही धरली, डोळे मिटले, आणि हळूच अनामिका फिरवली. एकदा. मग पुन्हा एकदा. मग बसलोच मी खाली दगडावर.

मिश्र!

अहो, निव्वळ सुती म्हणून घेतलेला माल! गेल्याच महिन्यात, बोटं झोपलेली असताना, चाळीस तागे! व्यापाऱ्याने कापड पुढे केलं, मी डोळे मिटले, चोळलं, मान डोलवली, आणि त्यालाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्याला अर्थातच सुतीच वाटलं!

आता तुम्ही म्हणाल, झाकायचं की मग! झाकलं असतं हो, दोन महिन्यांपूर्वी खुशाल झाकलं असतं. पण त्या दुकानातून आल्यापासून काय झालंय कुणास ठाऊक, खोटं बोलायला गेलो की हात आपोआप उघडतो... तेव्हा तुम्हाला सांगतो, शर्टाचं कापड हवं असेल तर या. रंग छान आहेत, इस्त्री कमी लागते, आणि सुती अजिबात नाहीये. हात लावून सांगतो!